नाशिकच्या वाड्यातली दहा समुद्रचित्रं : ती नेमकी कुणाची?

पार्श्वभूमी

नाशिकच्या गावठाणातला एक जुना वाडा पुनर्विकासाला गेला आणि घरच्यांनी सामानाची वाटणी काढली. भांडीकुंडी, देवघर, सागवानी झोपाळा हे सगळं भांडणतंटा न होता मार्गी लागलं. गाडं अडलं ते दहा तैलचित्रांपाशी. दहाही समुद्राची. गोदाघाट, रामकुंड आणि काळ्या दगडातली देवळं रंगवणाऱ्यांच्या या गावात एकाच घरातून पडाव, गलबतं, खाड्या आणि बंदरं निघावीत याचं मला फार अप्रूप वाटलं. घरच्यांच्या संमतीनं हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील आणि आद्याक्षरं बदलली आहेत.

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई की ही चित्रं मास्तरमामांची. मास्तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराच्या गावी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधलं. त्यांची बहीण या वाड्यात दिलेली, म्हणून सुट्टीत त्यांचा मुक्काम नाशिकला असे. वाड्यातल्या भाच्यांपैकी एक जण त्यांच्याकडे रंगकाम शिकला. घरात त्याला पुढे सगळे ‘आबा’ म्हणू लागले. आज घरात सगळ्यांत थोरल्या असलेल्या काकूंचे ते सासरे. काकू ऐंशीच्या पुढच्या, स्मरण खणखणीत. त्यांचा मुलगा, त्याला इथे दादा म्हणू, नाशिकलाच असतो. पुतण्या अमेरिकेत.

मास्तरांचं नाव दृश्यकलेच्या कोशांत नाही, जुन्या प्रदर्शनांच्या ज्या याद्या पाहायला मिळाल्या त्यांतही नाही. त्यांची म्हणून खात्रीनं सांगता येतील अशी दोनच चित्रं वाड्याबाहेर आहेत. ती त्यांच्या शाळेच्या कचेरीत लागलेली आहेत, मागे ‘निवृत्तीप्रसंगी शाळेस सप्रेम भेट’ असं लिहून. पुढच्या सगळ्या तुलनेला आधार एवढाच.

अडचण

दहाही चित्रांवर उजव्या कोपऱ्यात लाल रंगात ‘द. म.’ अशी सही. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं सगळी चित्रं एकगठ्ठा घेण्याची तयारी दाखवली. अट एकच, ‘सर्व चित्रे मास्तरांचीच’ असं जाणकाराचं पत्र हवं. त्यासाठी दादा माझ्याकडे आले.

त्याच वेळी पुतण्याला दोन चित्रं अमेरिकेला न्यायची होती, आणि इथे कायदा आडवा येत होता. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं चित्र ही पुरावस्तू ठरते. तिची नोंदणी करावी लागते, व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. घरची माहिती अशी की मास्तर ‘मानमोडीत गेले’, म्हणजे 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. तसं असेल तर मास्तरांचं प्रत्येक चित्र आपोआप शंभरीच्या पुढचं. विकायचं तर चित्र मास्तरांचं असणं फायद्याचं, परदेशी न्यायचं तर नसणं फायद्याचं. एकाच घरात दोन्ही इच्छा होत्या, आणि दोन्ही बोलून दाखवलेल्या होत्या. हे मी चांगलं लक्षण मानतो. मनातली गरज उघड असली की ती पुराव्यात शिरली तर ओळखता येते.

माझी स्वतःची काळजी वेगळी होती. राजा रविवर्म्याच्या नावावर कुणी खोटं चित्र खपवू पाहिलं तर ते पकडायला शेकडो अस्सल चित्रं, पत्रं, अभ्यासक उभे असतात. मास्तरांसारख्या चित्रकाराच्या बाजूनं उभी आहेत फक्त शाळेतली दोन चित्रं. आज आपण दहाच्या दहा त्यांच्या नावावर लिहून दिली, तर उद्या अकरावं चित्र याच दहांशी ताडून पाहिलं जाईल. यांतली तीन जरी दुसऱ्याची असतील तरी मास्तरांचा हात कसा होता हे पुढे कुणालाच कळणार नाही. अल्पपरिचित माणसाच्या बाबतीत पहिली नोंद करणाऱ्यावर जास्त जबाबदारी असते ती यामुळेच.

समोरचे पर्याय

सोपा रस्ता म्हणजे एखाद्या नावाजलेल्या चित्रकाराकडून पत्र लिहून घेणं. बाजारात ते चालतं. पण चांगला चित्रकार दुसऱ्याचा हात ओळखेलच असं नाही, आणि पत्रात कारणं नसतील तर ते पुढच्या अभ्यासाला निरुपयोगी. काहीच न ठरवता चित्रं वाटून टाकायची, हा दुसरा मार्ग. त्यात चित्रं चार घरांत विखुरली असती आणि एकमेकांशेजारी ठेवून पाहण्याची संधी कायमची गेली असती. प्रयोगशाळेत सगळी चित्रं पाठवणं खर्चिक होतं, आणि नेमका प्रश्न हातात नसताना केलेल्या चाचणीतून नेमकं उत्तर येत नाही.

ठरलं ते असं : वाटणी थांबवायची, दहाही चित्रं एका खोलीत आणायची, साफसफाई अजिबात करायची नाही. आधी डोळ्यांनी, भिंगानं आणि अतिनील दिव्यानं पाहायचं, कागदपत्रं शोधायची, आणि शंका उरेल तेवढ्याच चित्रांची चाचणी करायची. व्यापाऱ्याला थांबायला सांगितलं. तो थांबला.

काय केलं, आणि कुठे वळण घेतलं

पहिल्यांदा चित्रं उलटी करून पाठ पाहिली. बहुतेक चित्रं जाड पुठ्ठ्याच्या मिलबोर्डवर होती. काहींच्या पाठीवर लंडनच्या विन्सर अँड न्यूटनचा शिक्का पुसट दिसत होता. एक चित्र मात्र हार्डबोर्डवर. पाठीवर तारेच्या जाळीचा बारीक ठसा असतो त्यावरून तो लगेच ओळखू येतो. हार्डबोर्ड 1920 च्या दशकात अमेरिकेत निघाला. मास्तर मानमोडीत गेले असतील तर हे एक चित्र तिथल्या तिथे बाद होत होतं.

मग खोली अंधारी करून अतिनील दिवा लावला. जुन्या तैलचित्रांत पांढऱ्या रंगासाठी झिंक व्हाइट वापरलेला असेल तर तो या उजेडात पिवळसर-हिरवा चमकतो. टायटॅनियम व्हाइट तसा चमकत नाही, काळपट-जांभळा दिसतो. सहा चित्रांतल्या लाटांचा फेस चमकला. तीन चित्रांतला काळाच राहिला. दहाव्या चित्रात काही फेस चमकत होता, काही नव्हता. टायटॅनियम व्हाइट चित्रकारांच्या नळ्यांत आला 1920 च्या दशकात, आणि सर्रास झाला त्यानंतर. व्हार्निशचा थर स्वतःच हिरवट चमकतो आणि खालचं झाकतो, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो. पण दिशा कळली.

याच उजेडात सह्यांचीही गोष्ट उघडी पडली. सहा चित्रांवरची सही व्हार्निशच्या खाली होती. चारांवर ती व्हार्निशच्या वर काळ्या डागासारखी दिसत होती. भिंगाखाली पाहिलं तर त्या चारांतला लाल रंग तड्यांच्या रेघांत ओघळून बसलेला. चित्र सुकून, जुनं होऊन, त्याला तडे गेल्यावरच रंग तड्यात उतरू शकतो. म्हणजे सही चित्रानंतर बऱ्याच वर्षांनी केलेली.

इथे एक सापळा आहे. सही नंतरची म्हणजे चित्र दुसऱ्याचं, असा निष्कर्ष पटकन निघतो. पण या चारांपैकी एक चित्र झिंकचं, शिक्क्याच्या मिलबोर्डवरचं, आणि पाण्याची हाताळणी शाळेतल्या चित्रांशी तंतोतंत जुळणारी होती. मास्तरांनी ते बिनसहीचं ठेवलं असावं आणि कुणीतरी नंतर ‘पूर्ण’ केलं असावं. सही आणि चित्र हे दोन वेगळे पुरावे आहेत, ते वेगवेगळेच तपासायला हवेत.

मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते बोटींनी. समुद्राची चित्रं पाहताना आपण पाणी आणि आकाश पाहतो, पण चित्रकार किनाऱ्यावरचा आहे की नाही हे दोर आणि शिडं सांगतात. सगळ्या चित्रांच्या मोठ्या प्रती काढून आम्ही कोकणातल्या एका वयोवृद्ध तांडेलांना दाखवल्या. तरुणपणी त्यांनी शिडाच्या बोटी हाकलेल्या. चष्मा सारखा करून ते एकेक प्रत पाहत गेले. तीन प्रती त्यांनी न विचारता बाजूला काढल्या.

“वारा पाठीमागनं आहे बघा. शीड कसं टरारून भरलंय पुढच्या अंगाला. मग डोलकाठीवरचा बावटा मागं कसा उडतोय? तो नाळेकडं उडायला पायजे.”

जमिनीवरच्या माणसाला वाटतं बोट पुढे चालली म्हणजे बावटा मागे फडफडणार. पण मागचा वारा बोटीपेक्षा वेगानं जात असतो, म्हणून बावटा बोटीच्या पुढेच उडतो. उरलेल्या सात चित्रांत बावटा, शीड आणि लाटांची तिरीप यांचा वारा एकच होता. तिथे पहाटे बाहेर पडणाऱ्या बोटी मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यावर चाललेल्या, दुपारी परतणाऱ्या समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर. बाजूला काढलेल्या तिनांपैकी एकाच्या पाठीवर शीर्षक होतं ‘सूर्योदय’, आणि किनाऱ्यावरून पाहिलेल्या त्या दृश्यात सूर्य समुद्राला टेकलेला. कोकणात सूर्य डोंगरामागून उगवतो आणि समुद्रात बुडतो. शीर्षक दुसऱ्या कुणी लिहिलेलं असू शकतं, म्हणून त्याला वजन कमी दिलं. बावट्याला मात्र पूर्ण दिलं. अतिनील दिव्यात ज्यांचा फेस काळा राहिला तीच ही तीन चित्रं. हार्डबोर्डवरचं त्यांतलंच.

आता काकूंकडे वळणं आलं. घरच्यांनी त्यांना आजवर “ही मास्तरमामांचीच ना?” असं विचारलं होतं, आणि त्या दर वेळी “हो, दुसरं कुणाची असणार?” म्हणत. आम्ही प्रश्न बदलला. “काकू, आबा रंगवायला बसायचे तेव्हा त्यांच्यासमोर काय असायचं?”

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “मामांचं चित्र असायचं की भिंतीला टेकवलेलं. आणि एक स्टँडवर. आम्ही नव्या सुना विचारायचो तर म्हणायचे, दुरुस्ती चाललीय. हात लावू नका गं पोरींनो.”

घरात ज्याला ‘दुरुस्ती’ म्हणत ते नकलेचं काम होतं. नंतर त्या तीन चित्रांतल्या एकाच्या पातळ रंगाखाली पेन्सिलीच्या चौकटीही दिसल्या, चित्र लहानमोठं करून उतरवायला आखतात तशा. आबांचं आयुष्य नाशिकला गेलं. त्यांनी मामांचं पाणी फार प्रेमानं उतरवलं आहे, काही ठिकाणी मला ते मूळ चित्राइतकंच आवडलं. पण वारा त्यांच्या ओळखीचा नव्हता.

मास्तरांचं मरणवर्ष

इथवर सगळं नीट जुळत होतं. अडचण होती ती दहाव्या चित्रात. हे मुंबई बंदराचं चित्र. मचवे, मागे ताजचा घुमट, आणि घुमटाच्या शेजारी पाण्यालगत एक बुटका पिवळसर चौकोन. भिंगाखाली त्या चौकोनात मधली मोठी कमान दिसते. हे गेटवे ऑफ इंडिया आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याचं उद्घाटन 4 डिसेंबर 1924 ला झालं. 1918 साली गेलेला माणूस ते रंगवणार कसं? फेसात थोडा टायटॅनियमही होता. म्हणजे हेही आबांचं म्हणायचं, तर बोटी अगदी बिनचूक, बावटा बरोबर, आणि सही व्हार्निशच्या खाली.

दादांचं मत पडलं की हे चित्रही आबांच्या यादीत टाकावं आणि प्रकरण मिटवावं. मी नको म्हटलं. चित्रातले सगळे पुरावे एका बाजूला आणि एक तारीख दुसऱ्या बाजूला असेल, तर आधी तारखेचा उगम तपासावा. 1918 हे वर्ष कुठून आलं? फक्त घरच्या आठवणीतून. ते कागदावर कुठेच पाहिलेलं नव्हतं.

नाशिकला असल्याचा इथे फायदा झाला. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. कोणत्या गावचं, कोणत्या कुळाचं माणूस कधी आलं, कशासाठी आलं, बरोबर कोण होतं, हे त्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेलं असतं. मास्तरांच्या गावाचे आणि आडनावाचे उपाध्ये शोधले. लाल कापडात बांधलेली लांबट वही त्यांनी स्वतःच उलगडली, आम्हाला हात लावू दिला नाही, आणि ते योग्यच होतं. नोंदी मोडीत.

शके 1840 ची, म्हणजे 1918 च्या सुमाराची, नोंद मिळाली. अस्थिविसर्जनाचीच होती. पण अस्थी मास्तरांच्या नव्हत्या, त्यांच्या पत्नीच्या होत्या. विसर्जन करणारे स्वतः मास्तर, आणि खाली बाळबोध अक्षरांत त्यांची सही. मानमोडीत गेल्या त्या मामी. घराच्या आठवणीत साथ बरोबर राहिली, माणूस बदलला. त्याच कुळाच्या पानांवर पुढे मुलाच्या हातची नोंद आहे, वडिलांच्या अस्थींची. ती 1930 च्या दशकाच्या सुरुवातीची.

या एका पानानं पुराव्यांची सगळी मांडणी हलली. गेटवेचं चित्र मास्तरांच्या आयुष्यात बसू लागलं. उलट टायटॅनियमचा मुद्दा, जो आधी निर्णायक वाटत होता, तो नुसताच पूरक ठरला, कारण मास्तर हयात असताना तो रंग बाजारात आलेला होता. हार्डबोर्डचा मुद्दाही थोडा सैल झाला, तरी इतक्या लवकर तो नाशिकच्या बाजारात मिळत असणं मला अवघड वाटतं. आबांची म्हटलेली तीन चित्रं मात्र आबांचीच राहिली : उलटा बावटा, तड्यातली सही, एका चित्रातल्या चौकटी, काकूंची आठवण. कुठल्याही एका खुंटीवर सगळं टांगलेलं नव्हतं म्हणून ते टिकलं.

वहीतल्या सहीचा उपयोग आम्ही जपून केला. ‘द’ची खालची गाठ चित्रांवरच्या सहीसारखीच गोल आहे. पण बोरूनं कागदावर आणि कुंचल्यानं बोर्डावर अक्षर सारखं उमटत नाही, म्हणून तो दुजोरा मानला, पुरावा मानला नाही.

शेवटी गेटवेचं चित्र आणि आबांचं एक चित्र, एवढी दोनच एका संवर्धन केंद्रात क्ष-किरण प्रतिदीप्तीच्या चाचणीला पाठवली. या चाचणीत रंगात कोणती मूलद्रव्यं आहेत ते कळतं, आणि त्यासाठी चित्राचा कण काढावा लागत नाही. आबांच्या चित्रात पांढऱ्या रंगात सर्वत्र टायटॅनियम मिळाला. गेटवेच्या चित्रात आकाशात जस्त, आणि पुढच्या फेसात टायटॅनियम.

निकाल

मी दिलेल्या अहवालात चित्रांची तीन गटांत नोंद आहे. सहा चित्रं ‘मास्तरांची’. त्यांतल्या एकावर ‘सही नंतरची’ असा शेरा. तीन ‘आबांनी मास्तरांच्या चित्रांवरून केलेली’. एक ‘बहुधा मास्तरांचं’. प्रत्येक नोंदीखाली कारणं, छायाचित्रं, आणि कोणतं कारण किती भक्कम आहे तेही. नंतरच्या सह्या कुणी केल्या याबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या सहज निघण्यासारख्या होत्या आणि काढून टाकाव्यात असा सल्लाही आला होता. आम्ही त्या ठेवल्या. या घरानं मास्तरांना कसं जपलं याची ती खूण आहे, फक्त ती मास्तरांची सही म्हणून वाचली जाऊ नये.

व्यापाऱ्यानं एकगठ्ठा खरेदीतून अंग काढून घेतलं. घरच्यांना अपेक्षेपेक्षा बराच कमी पैसा दिसतो आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दादांना ते लागलंही. मास्तरांची सहा आणि ‘बहुधा’चं एक अशी सात चित्रं एकत्र ठेवायचं त्यांनी ठरवलं. गेटवेच्या चित्राची शंभरी भरली की नाही हे सांगता येत नाही, त्यामुळे ते पुरावस्तू असल्याचं धरूनच चालायचं. सातही चित्रांच्या नोंदणीचे अर्ज केले आहेत.

पुतण्यानं मागितलेल्या दोन चित्रांपैकी एक मास्तरांचं निघालं. ते इथेच राहिलं. दुसरं हार्डबोर्डवरचं, त्याच्या स्वतःच्या आजोबांचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन तो ते घेऊन गेला. काकूंनी आबांची उरलेली दोन स्वतःच्या खोलीत लावून घेतली.

पुन्हा करायचं झालं तर

क्रम बदलायला हवा. मरणवर्ष हा सगळ्या रंगद्रव्यांच्या युक्तिवादाचा पाया होता आणि तो तपासला गेला शेवटी. चित्रकाराच्या जन्म-मृत्यूचा कागद आधी, दिवा नंतर. ज्यांच्याकडे अशी चित्रं आहेत त्यांनी नाशिक-त्र्यंबकच्या नामावळी, शाळांची जनरल रजिस्टरं आणि सेवापुस्तकं विसरू नयेत. चित्रकारांचे म्हणून वेगळे कागद नसतील, पण माणूस म्हणून त्यांचे कागद कुठेतरी असतातच.

थोरल्या माणसांना विचारताना प्रश्नात उत्तर घालू नये. काकूंना सगळं आठवत होतं, त्यांना ते कुणी नीट विचारलं नव्हतं. त्यांचं बोलणं पहिल्याच भेटीत ध्वनिमुद्रित करायला हवं. आणि बोटींच्या जाणकाराला रंगांच्या जाणकाराइतकाच मान द्यावा. शिडाच्या बोटी स्वतः चालवलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.

गेटवेच्या चित्राचं काम संपलेलं नाही. बोटी आणि आकाश मास्तरांचं, पुढचा फेस वेगळ्या पांढऱ्याचा, आणि तो फेस सुकलेल्या रंगावर चढवलेला आहे की ओल्यात मिसळलेला, हे अजून ठरायचं आहे. ओल्यात मिसळलेला असेल तर मास्तरांनीच नवी नळी उघडली. सुकल्यावर चढवलेला असेल तर मामांच्या चित्रावर भाच्याचा हात फिरला, आणि मग ‘दुरुस्ती’ हा शब्द या एका चित्रापुरता खराच होता. त्यासाठी रंगाच्या थराचा एक सूक्ष्म छेद घ्यावा लागेल. तो घ्यायचा की नाही, यावर दादांशी बोलणं चालू आहे.